विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांमधले सुरक्षित अंतर का मोडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरक्षित अंतर मोडले म्हणजे नेमके काय झाले?

दोन विमानांमध्ये नियमाने ठरवलेले किमान आडवे अंतरही उरले नाही आणि उभे अंतरही उरले नाही, तर अंतर मोडले असे धरतात. दोन्हींपैकी एक शाबूत असेल तर काहीच मोडलेले नसते. एक विमान दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावरून १००० फूट वरून गेले, तर ती रोजची गोष्ट आहे. तेच विमान ६०० फूट वरून गेले आणि आडवे अंतर दोन मैल असेल, तर ती नोंद करण्याजोगी घटना ठरते.

इथे मैल म्हणजे सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानतळाच्या आसपासच्या हद्दीत रडारवर साधारण ३ मैल ठेवतात, लांबच्या हवाई मार्गांवर बहुधा ५ मैल. उभे अंतर १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर. धावपट्टीच्या सरळ रेषेत, शेवटच्या १० मैलांत, रडारची अचूकता, विमानांनी धावपट्टी किती लवकर मोकळी करायची आणि इतर अटी पुऱ्या होत असतील तर अडीच मैलांचीही मुभा असते.

म्हणजे "टक्कर थोडक्यात टळली" असेच ना?

नाही. २.९ मैलांवर समांतर जाणारी दोन विमाने नियमाने अंतर मोडतात, पण त्यांचा एकमेकांना धोका नसतो. उलट ३.१ मैलांवर समोरासमोर येणारी, एकाच उंचीवरची दोन विमाने अजून नियमात आहेत आणि परिस्थिती मात्र गंभीर आहे. म्हणून घटनेनंतर धोक्याची वेगळी वर्गवारी करतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत "ए" म्हणजे टकरीचा धोका होता, "बी" म्हणजे सुरक्षिततेची खात्री नव्हती, "सी" म्हणजे टकरीचा धोका नव्हता आणि "डी" म्हणजे माहिती अपुरी असल्याने ठरवता आले नाही. बातमी वाचताना मैलांच्या आकड्याइतकेच विमाने कोणत्या दिशेने आणि किती वेगाने जवळ येत होती हे पाहावे.

मग वेळ किती मिळतो?

दोन्ही विमाने २५० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) समोरासमोर येत असतील तर जवळ येण्याचा वेग ५०० नॉट होतो आणि ३ मैल २२ सेकंदांत संपतात. काटकोनात छेदणाऱ्या मार्गांवर सुमारे अर्धा मिनिट मिळतो. मागचे विमान पुढच्यापेक्षा २० नॉटने वेगवान असेल तर एक मैल कमी व्हायला तीन मिनिटे लागतात. अंतर खाणारी गोष्ट एकट्या विमानाचा वेग नसून दोघे एकमेकांच्या जवळ येण्याचा वेग आहे.

त्यात विमानतळाच्या रडारचा अँटेना साधारण चार-पाच सेकंदांत एक फेरी पुरी करतो. २५० नॉटचे विमान चार सेकंदांत अर्धा किलोमीटर पुढे जाते. जमिनीवरून विमानांना आदेश देणारा हवाई वाहतूक नियंत्रक पाहतो तो ठिपका थोडा शिळाच असतो. वैमानिकाने वळण सुरू केले तरी पडद्यावर वळण दिसायला एक-दोन फेऱ्या जातात.

उतरतानाच ही अडचण जास्त का येते?

वर, लांबच्या मार्गावर, विमानाची उंची, वेग आणि दिशा बराच वेळ ठरलेली असते. उतरताना तिन्ही एकदम बदलत असतात, आणि चारही दिशांनी येणारी विमाने एकाच रेषेवर आणायची असतात. निघालेली विमाने त्याच हवेतून वर चढत असतात. अशी घटना एका चुकीने क्वचितच घडते. बहुतेक वेळा आकडे बदलण्याच्या क्षणी कुणाचा तरी अंदाज आणि प्रत्यक्ष स्थिती यांत फट पडते.

एक साधे उदाहरण घ्या. दोन विमाने एकामागोमाग उतरत आहेत आणि दोघांनाही २५० नॉट वेग ठेवायला सांगितला आहे. हा आकडा कॉकपिटमधल्या वेगमापकाचा आहे. हवा विरळ असेल तर त्याच आकड्यावर विमान प्रत्यक्षात जास्त वेगाने जाते. १२,००० फुटांवर प्रत्यक्ष वेग ३०० नॉटच्या आसपास जातो आणि ६००० फुटांवर तो २७० च्या आसपास असतो. मागचे विमान वर आहे, म्हणून ते पुढच्याला पंचवीस-तीस नॉटने गाठत राहते. दोघेही आदेश तंतोतंत पाळत आहेत आणि तरी दर दोन-अडीच मिनिटांना जवळजवळ एक मैल कमी होतो. वरच्या थरात पाठीवरचा वारा असेल तर आणखी लवकर.

सरळ रेषेत आल्यावर तरी अंतर टिकते का?

आपोआप टिकत नाही. नियंत्रक त्याला "कम्प्रेशन" म्हणतात. पुढचे विमान धावपट्टीपासून ४ मैलांवर १६० नॉटवरून आपल्या उतरण्याच्या वेगावर, समजा १३५ नॉटवर, येते. मागचे अजून १६० वर आहे. पुढचे चार मैलांवर असताना मागे बरोबर ३ मैल असतील, तर पुढचे धावपट्टीला टेकेपर्यंत मागचे अडीच मैलांवर आलेले असते. वेळेतले अंतर सारखेच राहते, पण मैलांत ते आकसते.

टेकेपर्यंत ३ मैल हवे असतील, तर चार मैलांच्या खुणेवर सुमारे ३.६ मैल ठेवावे लागतात. मागच्या विमानाचा उतरण्याचा वेग जास्त असेल तर त्याहून जास्त. ज्या नियंत्रकाने ३ च ठेवले त्याने आधीच हरायला सुरुवात केली आहे, आणि शेवटच्या चार मैलांत वेग बदलायला सांगण्याची फारशी सोय नसते. तिथे उरतो तो एकच स्वच्छ उपाय: मागच्याला उतरणे सोडून पुन्हा वर चढायला सांगणे.

वेग कमी करणेही हुकमासरशी होत नाही. सपाट उडताना १० नॉट कमी करायला सुमारे एक मैल लागतो, असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. तीन अंशांच्या उतारावर तो आणखी लांबतो. "झटपट खाली उतरा आणि वेगही कमी करा" हे दोन्ही एकदम मागणारा आदेश बहुतेक जेट विमानांना पाळता येत नाही. त्यातले एक आधी, मग दुसरे, असेच सांगावे लागते.

मोठ्या विमानामागे अंतर जास्त का ठेवतात?

पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे तयार होतात आणि ते काही मिनिटे टिकतात. जड वर्गाच्या विमानामागे जड विमानासाठी ४ मैल, मध्यमासाठी ५ आणि हलक्यासाठी ६ मैल ठेवतात. मध्यमामागे हलक्यासाठी ५. एअरबस ए३८० मागे मध्यमासाठी ७ आणि हलक्यासाठी ८. हे अंतर मोडले तर टकरीचा प्रश्न नसतो, पण मागचे विमान अचानक एका पंखावर कलंडू शकते.

उंचीची चूक कशी होते? यंत्र तर आकडा दाखवते.

उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्याला कोणता दाब पाया धरायचा ते वैमानिकाने सांगावे लागते. वर असताना सगळे १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात. एका ठराविक पातळीच्या खाली उतरताना स्थानिक दाब घालतात. स्थानिक दाब १००३ असताना कुणी १०१३ तसाच ठेवला, तर मापकावर ठरलेली उंची दिसते आणि विमान प्रत्यक्षात सुमारे २७० ते ३०० फूट खाली असते. १००० फुटांच्या अंतरातला जवळजवळ एक तृतीयांश तिथेच गेला.

दुसरी चूक ऐकण्यातली. वैमानिकाने आदेश परत म्हणून दाखवायचा आणि नियंत्रकाने तो नीट ऐकायचा, ही दुहेरी गाठ आहे. ती दोन्ही बाजूंनी सुटू शकते. एकसारख्या नावांची दोन विमाने एकाच रेडिओ वारंवारितेवर असतील तर एकाचा आदेश दुसरा घेतो. दोघे एकाच वेळी बोलले तर फक्त चिरका आवाज येतो आणि कुणाचेच काही पोचत नाही. गर्दीच्या वेळी नियंत्रकाचे लक्ष पुढच्या आदेशात गेलेले असते, आणि चुकीचा आकडा "हो" म्हणून निसटतो. ऐकायला अपेक्षित असेल तेच ऐकू येणे, ही माणसाची सवय इथे सर्वांत महागात पडते.

तिसरी, यंत्रात आकडा बरोबर घालूनही पातळीवर न थांबणे. म्हणूनच जवळ रहदारी असताना शेवटच्या १००० फुटांत उतरण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या खाली आणावा, अशी शिफारस आहे.

टीकॅस असताना टक्कर होऊच कशी शकते?

टीकॅस हे विमानातले टक्कर टाळणारे स्वतंत्र यंत्र. ते आजूबाजूच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला (विचारल्यावर विमानाची ओळख आणि उंची रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्राला) विचारून, टक्कर किती सेकंदांवर आहे ते काढते. ५००० ते १०,००० फुटांच्या पट्ट्यात ते सुमारे ४० सेकंद आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" म्हणते आणि सुमारे २५ सेकंद आधी आदेश देते: "क्लाइंब, क्लाइंब" (वर चढा) किंवा "डिसेंड, डिसेंड" (खाली उतरा). दोन्ही विमानांत ते असेल तर यंत्रे आपसात बोलून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात.

तरी त्याच्या मर्यादा आहेत. ते फक्त वर-खालीचा आदेश देते, डावे-उजवे नाही. समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल तर ते आंधळे आहे. जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली ते कोणताच आदेश देत नाही, आणि खाली जाण्याचा आदेश ११०० फुटांच्या आसपासच थांबतो. धावपट्टीच्या अगदी जवळ, जिथे विमाने सर्वांत दाटीने असतात, तिथे हे कवच उरत नाही.

सर्वांत मोठी मर्यादा माणसाची. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतल्या युबरलिंगेनवर एका तुपोलेव्ह टीयू-१५४ ला टीकॅसने चढायला सांगितले आणि नियंत्रकाने उतरायला. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरच्या बोईंग ७५७ ला टीकॅसने उतरायला सांगितले होते आणि ते उतरत होते. ७१ जण गेले. त्या रात्री एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता आणि जमिनीवरची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा देखभालीमुळे पूर्ण चालू नव्हती. त्याआधीच्या वर्षी, ३१ जानेवारी २००१ रोजी, जपानमध्ये नियंत्रकाने दोन विमानांची नावे चुकवली. एका विमानाच्या वैमानिकाने टीकॅसऐवजी त्याच्या आदेशाला मान दिला, आणि शेवटच्या क्षणाच्या जोरदार डुबकीने टक्कर टळली तरी सुमारे शंभर जण जखमी झाले.

नियम आता निःसंदिग्ध आहे: टीकॅसचा आदेश आला की तो पाळायचा, नियंत्रक काहीही सांगत असला तरी.

आदेश आला की वैमानिक काय करतात?

ज्या विमानांत ऑटोपायलट स्वतः तो आदेश पाळतो ती सोडून बाकीच्यांत ऑटोपायलट काढायचा, पाच सेकंदांच्या आत यंत्र दाखवते त्या हिरव्या पट्टीत विमान आणायचे, वर किंवा खाली जाण्याचा नेहमीचा वेग मिनिटाला सुमारे १५०० फूट. नंतर आदेश वाढला किंवा उलटला तर अडीच सेकंदांत. नियंत्रकाला एवढेच सांगायचे: "टीकॅस आरए" (आरए म्हणजे टीकॅसचा टक्कर टाळण्याचा आदेश). हे ऐकल्यावर नियंत्रकाने त्या विमानाला उंचीचा किंवा दिशेचा कोणताही नवा आदेश द्यायचा नसतो. "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" (धोका टळला) आल्यावर वैमानिक जुन्या आदेशावर परततो आणि तसे कळवतो.

हिरव्या पट्टीपेक्षा जास्त जोर लावू नये. खूप वर गेलेले विमान तिसऱ्या विमानाच्या अंगावर जाऊ शकते.

आणि नियंत्रक?

त्याच्या पडद्यावर अंतर मोडण्याआधीच सूचना देणारी यंत्रणा असते, पण चांगला नियंत्रक तिची वाट पाहत नाही. तो "ताबडतोब डावीकडे वळा, दिशा २७०, रहदारी टाळण्यासाठी" असा थेट, नावासकट आदेश देतो आणि दुसरे विमान कुठे, किती लांब, कोणत्या उंचीवर हे सांगतो. उशीर झाला असेल तर वळणाचा आदेश उंचीच्या आदेशापेक्षा बरा, कारण टीकॅस फक्त उंची बदलवते आणि वळण त्याच्या आड येत नाही.

वळणही क्षणात होत नाही. २५० नॉट आणि २५ अंश कल असताना वळणाची त्रिज्या सुमारे दोन मैल भरते. ३ मैलांवरून एका विमानाला वळवून सुटका होईलच असे नाही. म्हणून धोका ३ मैलांवर ओळखणे हा उशीरच आहे.

समांतर धावपट्ट्यांवर दोन विमाने शेजारी-शेजारी कशी चालतात?

त्यासाठी दोन्ही विमाने आपापल्या धावपट्टीच्या रेषेवर स्थिर होईपर्यंत ३ मैल किंवा १००० फूट राखावेच लागतात. एकाला उंच आणि दुसऱ्याला खाली ठेवून हे साधतात. रेषेत आणणारे वळण ३० अंशांपेक्षा तीव्र नसते. दोन रेषांच्या मधोमध किमान ६१० मीटर रुंदीचा निषिद्ध पट्टा असतो. एक विमान त्यात घुसले की वेगळा नियंत्रक शेजारच्याला लगेच बाहेर वळवतो.

मोडते ते इथे: पाठीवर वारा आणि वेग जास्त, त्यामुळे विमान रेषा ओलांडून पलीकडे जाते. किंवा कॉकपिटमध्ये शेजारच्या धावपट्टीच्या दिशादर्शक रेडिओची वारंवारिता घातली जाते आणि विमान अगदी स्थिर, अगदी नीटपणे चुकीच्या रेषेवर बसते. दुसरी चूक जास्त घातक, कारण कॉकपिटमधली प्रत्येक सुई सगळे ठीक असल्याचे सांगत असते.

विमान दिसत असेल तर वैमानिकानेच अंतर सांभाळले तर?

चांगल्या हवेत हे करतात. वैमानिक "दिसले" म्हणतो आणि त्यावर अंतराची जबाबदारी त्याच्याकडे जाते. त्यात दोन खोचा आहेत: दिसलेले विमान तेच होते का, आणि ते अजून दिसते आहे का. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोकडे उतरणाऱ्या बोईंग ७२७ च्या वैमानिकांनी खालचे छोटे सेसना विमान दिसल्याचे सांगितले आणि नंतर ते नजरेआड झाले हे नियंत्रकाला स्पष्टपणे पोचले नाही. १४४ जण गेले. नजरेआड झाले की तत्क्षणी सांगणे, हाच या पद्धतीचा कणा आहे.

उतरणाऱ्या दोन विमानांची प्रत्यक्ष टक्कर झाली आहे का?

झाली आहे. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर डीसी-८ आणि सुपर कॉन्स्टेलेशन ही दोन प्रवासी विमाने धडकली, एक आयडलवाइल्ड (आजचे जेएफके) विमानतळाकडे, दुसरे लाग्वार्डिया विमानतळाकडे उतरत होते. डीसी-८ ला एका ठिकाणी घिरट्या घालत थांबायचे होते. त्याच्या दिशादर्शक रेडिओ ग्रहण यंत्रांपैकी एक बंद होते आणि ते नियंत्रकाला सांगितलेले नव्हते. मार्ग सुमारे ११ मैलांनी छोटा करून दिला होता, म्हणजे थांबण्याची जागा अपेक्षेपेक्षा आधी आली. विमान ती ओलांडून मोठ्या वेगाने पुढे गेले. जमिनीवरच्या सहा जणांसह १३४ जण गेले. १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा त्या अपघातानंतर आली.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीकडे उतरणारे कझाकस्तानचे आयएल-७६ आणि दिल्लीहून चढणारे सौदी बोईंग ७४७ धडकले. उतरणाऱ्याला १५,००० फुटांवर आणि चढणाऱ्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितले होते. नियंत्रकाने समोरच्या विमानाची पूर्वसूचनाही दिली होती. आयएल-७६ ठरलेल्या उंचीखाली गेले. त्यावेळी तिथल्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती आणि येणारी-जाणारी विमाने एकाच मार्गाने जात-येत होती. ३४९ जण गेले. हवेतली टक्कर म्हणून आजवर याहून मोठी जीवितहानी झालेली नाही.

विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर दोन विमाने एकमेकांवर दिसली, तर?

बहुतेक वेळा त्यात काही नसते. तिथली उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाच्या पायावर असते, म्हणून खालच्या थरात ती खऱ्या उंचीशी जुळत नाही. काही जागा अंदाजाने काढलेल्या असतात आणि ठिपक्यांना उशीर असतो. शिवाय उंचीच्या माहितीत रडारवरही काही शे फुटांची सूट धरलेली असते. दोन्ही विमानांची एकाच क्षणाची उंची आणि त्यांच्या मार्गाची दिशा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

प्रवाशाला काय जाणवते?

टीकॅसच्या आदेशात पोटात गोळा येण्याइतकी वर किंवा खाली हालचाल, काही सेकंद. उतरता-उतरता इंजिनांचा आवाज वाढून विमान वर चढले, तर ते बहुधा पुढच्याने धावपट्टी मोकळी केली नाही किंवा अंतर कमी झाले म्हणून. हा बचाव आहे, चूक नाही. उतरताना पट्टा घट्ट ठेवा. जपानच्या त्या घटनेत बहुतेक इजा उसळून पडल्यामुळे झाल्या.

घटनेनंतर काय होते?

वैमानिक आणि नियंत्रक दोघेही लेखी कळवतात. नियंत्रकाला सहसा लगेच कामावरून उठवून दुसरा बसवतात, शिक्षा म्हणून नव्हे, धक्क्यातल्या माणसाला गर्दी सांभाळायला लावू नये म्हणून. बोलण्याच्या आणि रडारच्या नोंदी किमान ३० दिवस ठेवल्या जातात. कॉकपिटमधले बोलणे टिपणारे यंत्र मात्र बऱ्याच विमानांत शेवटचे दोनच तास ठेवते. म्हणून उतरल्यावर वीज चालू ठेवून विमान उभे राहिले आणि यंत्राचा सर्किट ब्रेकर खेचायला कुणी विसरले, तर नेमकी घटनेच्या वेळची काही सेकंदे पुसली जातात.